‘यवन’ : एका शब्दाचे मूळ आणि त्याची रूपे

आजच्या व्याख्यानासाठी विषय म्हणून एकच शब्द घेतला आहे, आणि तोही आपल्या चांगल्या ओळखीचा. ‘यवन’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात बखरी, पोवाडे आणि शाळेतले इतिहासाचे पुस्तक जागे होते. यवन म्हणजे मुसलमान, यावनी म्हणजे फारसी-अरबी, असा अर्थ आपण धरून चालतो. पण नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती कोरलेली आहे, तीत त्याला शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा म्हटले आहे. ही प्रशस्ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली; इस्लामचा उदय सातव्या शतकातला. मग सातवाहन राजाने जिंकलेले हे यवन कोण?

प्रश्न इथेच संपत नाही. त्याच डोंगरात सतरा क्रमांकाचे लेणे आहे. ते कोणी कोरविले याचा लेख ओसरीत आहे. धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दातामिती गावचा, जातीने ‘योणक’, म्हणजे यवन. त्याने हे लेणे, त्यातले चैत्यगृह आणि पाण्याच्या टाक्या भिक्षुसंघासाठी करवून दिल्या. एकाच डोंगरावर यवन शत्रू म्हणूनही कोरला आहे आणि दाता म्हणूनही. तेव्हा या शब्दाचा अर्थ ठरविण्याची घाई न करता आधी त्याचे कुळ शोधले पाहिजे. हे कुळ शोधता शोधता भाषाशास्त्र नष्ट झालेली शब्दरूपे कशी पुन्हा उभी करते, तेही आपल्या ध्यानात येईल.

न लिहिलेले रूप

भाषाशास्त्राच्या ग्रंथांत काही शब्दांच्या डोक्यावर एक लहान तारा काढलेला असतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित श्लायखर यांनी ही खूण रूढ केली. तारा असलेला शब्द कोठे लिहिलेला सापडलेला नाही. तो नंतरच्या भाषांतील रूपांवरून अनुमानाने सिद्ध केलेला आहे, एवढेच ती खूण सांगते. हे अनुमान म्हणजे कल्पनेची भरारी नव्हे. त्याला नियम आहेत, आणि नियम मोडला तर अनुमान टाकून द्यावे लागते.

एक सोपे उदाहरण घेऊ. आपण ‘नवा’ म्हणतो, संस्कृतात ‘नवः’. ग्रीक भाषेत याच अर्थी ‘नेओस्’ शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘नोवुस्’, त्या ‘व’चा उच्चार रोमन लोक ‘व’ आणि ‘उ’ यांच्या मधला करीत. तीन भाषांपैकी दोघींत ‘व’ आहे, ग्रीकमध्ये नाही. शिवाय ‘नेओस्’मध्ये दोन स्वर एकमेकांना लागून, मध्ये व्यंजन नसताना उभे आहेत, जणू मधली वीट काढून घेतली आहे. संस्कृतात ‘श्रवस्’, ग्रीकमध्ये ‘क्लेओस्’, दोहोंचा अर्थ कीर्ती. संस्कृतात ‘अवि’, ग्रीकमध्ये ‘ओइस्’, अर्थ मेंढी. प्रत्येक ठिकाणी तीच जागा आणि तोच ‘व’ नाहीसा. यावरून नियम बांधला गेला की जुन्या ग्रीकमध्ये ‘व’ होता आणि पुढे तो लोपला. त्याच्यासाठी ग्रीकांच्या जुन्या वर्णमालेत अक्षरही होते. त्याला ‘दिगामा’ म्हणतात. काही प्रांतांत ते बराच काळ टिकले. परंतु आशिया मायनरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या ग्रीकांच्या बोलीतून तो उच्चार फार लवकर गेला.

या किनाऱ्यावरच्या ग्रीकांचेच नाव आपल्या विषयाशी बांधलेले आहे. ते स्वतःला ‘इओनेस्’ म्हणवीत; इंग्रजीतून आपण त्यांना आयोनियन म्हणतो. होमरच्या ‘इलियड’मध्ये हे नाव एकदाच येते, तेराव्या सर्गात, आणि तेथे ते ‘इओनेस्’ असे नसून ‘इआओनेस्’ असे आहे. आ आणि ओ शेजारी शेजारी, संधी न होता राहिले आहेत. इथेही मधली वीट निघालेली दिसते. ती वीट ‘व’ची होती असे धरले तर मूळ रूप *इआवोनेस् असे होते.

आता साक्षी काढू. ग्रीकांच्या पूर्वेकडचे शेजारी त्यांना कोणत्या नावाने ओळखत? हिब्रू बायबलच्या उत्पत्तिग्रंथात दहाव्या अध्यायात लोकांची वंशावळ आहे. तीत ग्रीकांचे नाव ‘यावान’ असे येते. इराणचा सम्राट दारयवहु याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास, त्यांचा देश ‘यौन’ म्हणून नोंदलेला आहे. यावान, यौन आणि आपला यवन या तिन्हींत ‘व’ किंवा त्याचा अवशेष ‘उ’ शिल्लक आहे. ग्रीकांनी स्वतःच्या नावातला जो वर्ण गमावला, तो शेजाऱ्यांच्या तोंडी राहिला. अथेन्सच्या लोकांनाही ही गोष्ट ठाऊक असावी. इस्किलस या नाटककाराने ४७२ साली (इ.स.पू.) ‘पारसीक’ हे नाटक लिहिले, त्यात इराणी पात्रे ग्रीकांना ‘इआओनेस्’ या जुन्या वळणाच्या नावाने संबोधतात.

*इआवोनेस् या रूपावर एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी तारा काढला होता, कारण लेखी पुरावा नव्हता. पुढे जे घडले ते या शास्त्राच्या इतिहासातले मोठे समाधान देणारे प्रकरण आहे. क्रीट बेटावर क्नोसोस येथे आर्थर इव्हान्स यांनी १९०० सालापासून उत्खनन करून मातीच्या लेखपट्टिका बाहेर काढल्या होत्या. त्यांवरची लिपी अर्धशतक कोणाला वाचता आली नाही. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने ती उलगडली, आणि तिची भाषा होमरपेक्षा कितीतरी शतके जुनी ग्रीक निघाली. त्या पट्टिकांत ‘नेओस्’ हा शब्द ‘ने-वो’ असा ‘व’सहित लिहिलेला आहे. आणि एका पट्टिकेवर ‘इ-या-वो-ने’ अशी चार अक्षरे आहेत. या लिपीत शब्दाच्या शेवटचा स् लिहीत नाहीत. म्हणून बहुतेक अभ्यासक हा शब्द आपलाच *इआवोनेस् मानतात. अनुमानाने ठेवलेल्या जागेवर तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वीट येऊन बसली.

या नावाचा त्याही पलीकडचा अर्थ काय, ते कोणत्या धातूपासून आले, याविषयी सर्वमान्य उत्तर नाही. ग्रीकांनी स्वतः त्याची सोय पुराणाने लावली. इओन् नावाचा मूळपुरुष होता, त्याचे वंशज ते इओनेस्. युरिपिडीसचे त्याच्यावर नाटकही आहे. आपल्याकडेही हेच झाले. महाभारतात ययातीचा मुलगा तुर्वसु याच्यापासून यवन झाले असे म्हटले आहे. रामायणात वसिष्ठांच्या कामधेनूच्या योनिदेशातून यवन निर्माण झाले असे सांगून शब्दाचा ‘योनि’शी मेळ घातला आहे. परके नाव कानावर पडले की त्याला आपल्या घरातला एखादा पूर्वज किंवा एखादा धातू मिळवून द्यावा, ही मनुष्यस्वभावाची जुनी रीत आहे. त्या कथा म्हणून वाचाव्यात, व्युत्पत्ती म्हणून नव्हे.

शब्द चालत कसा होता

शब्दाचे मूळ कळले तरी तो वाक्यात कसा चालत होता हे पाहिल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. ज्यांनी शाळेत ‘रामः रामौ रामाः’ पाठ केले आहे, त्यांना हा भाग जड वाटू नये.

*इआवोनेस् हे अनेकवचन झाले. एकवचनी प्रथमा *इआवोन्, तीत ‘ओ’ दीर्घ. षष्ठी *इआवोनोस्, तीत मधला ‘ओ’ ऱ्हस्व. ग्रीकमध्ये ओकार ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन असत. आपल्या लिपीत तो भेद दाखविता येत नाही. म्हणजे हा नकारान्त शब्द होता, संस्कृतातल्या राजन्, आत्मन्, श्वन् यांच्या पंक्तीतला. प्रथमेत स्वर लांबवायचा आणि इतरत्र आखडायचा, ही या वर्गाची जुनी चाल. श्वन् म्हणजे कुत्रा. त्याची प्रथमा ‘श्वा’, षष्ठी ‘शुनः’. ग्रीकमध्ये कुत्र्याला ‘कुओन्’, षष्ठी ‘कुनोस्’. एकाच घराण्यातले हे दोन भाऊ किती सारखे चालतात ते पाहावे. ग्रीक षष्ठीचा ‘-ओस्’ म्हणजे आपला ‘शुनः’मधला ‘-अस्’. ग्रीक अनेकवचनाचा ‘-एस्’ म्हणजे ‘राजानः’, ‘श्वानः’ यांतला ‘-अस्’. ‘व’ गेल्यावर ‘आ’ आणि ‘ओ’ यांचा संधी झाला आणि अथेन्सच्या भाषेत इओन्, इओनोस्, इओनेस् अशी रूपे राहिली. आता ओकार सगळीकडे दीर्घ, त्यामुळे आखूड-लांब असा जुना भेद दिसेनासा झाला. वर्ण गेला की त्याच्यामागून व्याकरणही थोडे ढासळते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

भारतात हा शब्द पाणिनीच्या आधीच पोचला होता. ‘अष्टाध्यायी’च्या एका सूत्रात इंद्र, वरुण, भव, शर्व इत्यादी शब्दांना ‘आनी’ लावून स्त्रीलिंगी रूपे करण्याचा नियम आहे. इंद्राणी, भवानी ही आपल्या नित्याच्या वापरातली नावे त्याच नियमाने होतात. त्या यादीत ‘यवन’ आहे. ‘यवनानी’ म्हणजे मात्र यवनाची बायको नव्हे. यवनांची लिपी, असा खुलासा कात्यायनाने केला आहे. पाणिनी हा अलेक्झांडरच्या आधीचा, असे बहुतेक विद्वान मानतात, आणि अलेक्झांडर पंजाबात आला तो इ.स.पू. ३२६ साली. म्हणजे यवनांचे सैन्य येण्यापूर्वी त्यांचे नाव आणि त्यांची लिपी इकडे परिचित झाली होती. ही ओळख इराणी साम्राज्याच्या द्वारे झाली असावी, कारण गांधारापासून इओनियापर्यंतचा मुलूख त्या एका छत्राखाली होता.

इथे विद्वानांत एक मतभेद आहे. ‘यवन’ हे रूप जुन्या ‘व’सकट आले, की इराणी ‘यौन’ हा शब्द येथील पंडितांनी ‘यवन’ असा पुन्हा उलगडला? अशोकाच्या पाचव्या आणि तेराव्या शिलाशासनांत ‘योन’ हेच रूप आहे. प्राकृतात ‘अव’चा ‘ओ’ होतो हे आपण मराठीतही रोज पाहतो. लवणाचे ‘लोण’ झाले, त्यावरून लोणचे. नवनीताचे लोणी झाले. त्याच न्यायाने ‘यवन’चे ‘योन’ होईल, आणि त्याच न्यायाने ‘योन’ ऐकून पंडित ‘यवन’ करील. दोन्ही वाटा शक्य आहेत. परंतु कोणतीही वाट धरली, तरी आपल्या शब्दातला ‘व’ हा अखेर त्या हरवलेल्या ग्रीक ‘व’चाच वारस ठरतो.

भारतात आल्यावर या शब्दाची चाल बदलली. मुळात तो नकारान्त. आपण त्याला अकारान्त केले आणि ‘राम’सारखा चालविला : यवनः, यवनस्य, यवनाः. न् हा अंगाचाच भाग धरून त्यापुढे ‘अ’ जोडला. दुसऱ्या एका ग्रीक नावाचे याच्या नेमके उलट झाले. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे गरुडस्तंभ आहे. तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोर या यवन राजदूताने तो वासुदेवासाठी उभारला, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. लेखात तो स्वतःला भागवत म्हणवितो आणि बापाचे नाव सांगतो : ‘दियस’ पुत्र. बापाचे ग्रीक नाव ‘दिओन्’, षष्ठी ‘दिओनोस्’. म्हणजे हाही नकारान्त. पण इथे प्राकृत लेखकाने प्रथमेचे रूप ऐकून न् गाळला, ‘दिय’ असे अंग केले आणि त्याला आपला षष्ठीचा ‘-स’ लावला. ‘यवन’ हा लोकसमूहाचे नाव म्हणून आला, त्याचा न् राहिला. ‘दिय’ हे एका माणसाचे नाव म्हणून आले, त्याचा न् गेला.

लेण्यांतला ‘-स’ आणि आपला ‘-आ’

आता महाराष्ट्रात येऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब निरनिराळ्या दात्यांनी दिले आहेत, आणि खांबांवर त्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन अनेक आहेत. धेनुकाकट नेमके कोठे होते हे निश्चित झालेले नाही. यवनांपैकी एकाचे नाव ‘धंम’, म्हणजे धर्म; दुसऱ्या लेखात ‘सिहधय’ हे नाव येते, म्हणजे सिंहध्वज. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, आणि चंद नावाच्या यवनाने गाभाऱ्याचे दार दिले. इरिल हे नाव परके वाटते. बाकीची आपल्याकडची वाटतात. नाशिकच्या इंद्राग्निदत्ताच्या नावात तर दोन वैदिक देव आहेत. हे लोक इथे रुळले होते, इथली नावे लावीत होते, आणि तरीही स्वतःला ‘यवन’ म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. ज्या शब्दाने राजाच्या प्रशस्तीत शत्रू सांगितला, तोच शब्द त्यांनी स्वतःच्या दानावर स्वतःच्या पैशाने कोरविला.

या लेखांत बहुतेक ठिकाणी शब्दाचे रूप ‘यवनस’ असे आहे. संस्कृत ‘यवनस्य’, प्राकृत ‘यवनस्स’. ब्राह्मी लेखांत जोडाक्षर सहसा लिहीत नसत म्हणून ‘यवनस’. त्या काळच्या दानलेखांची ही सार्वत्रिक पद्धत. आपल्या भंडारा जिल्ह्यात पवनी येथे नागपूर विद्यापीठ आणि केंद्रीय पुरातत्त्व विभाग यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले, तेथील स्तूपाच्या दगडांवरही पुरुष दात्यांची नावे याच ‘-स’ने संपतात. हे लेख मराठी वाचकाला सहज उपलब्ध झाले यात नागपूरचा वाटा मोठा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचे कोरीव लेख मराठी ग्रंथात विवेचनासह आणले.

हा ‘-स’ मेला नाही. ‘देवस्य’चे ‘देवस्स’ झाले, स् चा ह होत होत शेवटी ‘देवा’ एवढेच राहिले. ‘देवाचा’, ‘देवाला’, ‘देवाने’ यांत प्रत्ययाच्या आधी जो ‘आ’ येतो आणि ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, तो या जुन्या षष्ठीचा अवशेष आहे. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हे दाखविले आहे, वा. गो. परांजपे यांनी तो ग्रंथ १९४१ साली मराठीत आणला. म्हणून कार्ल्याच्या खांबावरचे ‘यवनस’ आणि आपल्या तोंडचे ‘यवनाचा’ यांत अंतर केवळ काळाचे आहे. शब्द ग्रीकांचा, त्याला लागलेली विभक्ती आपली, आणि ती विभक्ती आज आपल्या प्रत्येक वाक्यात जिवंत आहे.

अर्थ कसा सरकला

अर्थाचा प्रवास मात्र वेगळ्या वाटेने झाला. आरंभी यवन म्हणजे इओनियाचे ग्रीक. मग कोणीही ग्रीक. मग पश्चिमेकडून आलेला कोणीही परका. जुनागढला रुद्रदामनाच्या इ.स. १५० च्या लेखात अशोकाच्या काळच्या तुषास्फ नावाच्या अधिकाऱ्याला ‘यवनराज’ म्हटले आहे, आणि तुषास्फ हे नाव इराणी वळणाचे आहे. म्हणजे अर्थ तेव्हाच सैल होऊ लागला होता. पुढे वायव्येकडून तुर्क आले, तेव्हा ‘वायव्येकडचा परका’ हा साचा तयार होता. नवे लोक त्यात बसविले गेले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त राजभाषा यवनवचनांनी झाकोळून गेल्याचे म्हटले आहे, तेथे अभिप्रेत आहे ती मुख्यतः फारसी. गंमत अशी की इराण्यांनी ज्या नावाने ग्रीकांना ओळखले, त्याच नावाने आपण इराण्यांची भाषा ओळखू लागलो.

हाच शब्द दुसऱ्या वाटेनेही आपल्याकडे आला आहे. अरबी-फारसीत ग्रीस देशाला ‘यूनान’ म्हणतात. ग्रीकांचे वैद्यक अरबांनी आत्मसात केले, ते ‘युनानी’ म्हणून भारतात आले. धंतोलीसारख्या दवाखान्यांनी गजबजलेल्या वस्तीत ‘युनानी’ हा शब्द कोणाला नवा नसेल; परंतु ‘यवन’ आणि ‘युनानी’ हे सख्खे भाऊ आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. तिसरा भाऊ ‘आयोनियन’, तो इंग्रजीमार्फत आला. मात्र रसायनशास्त्रातला ‘आयन’ या कुळातला नव्हे. तो ‘जाणारा’ या अर्थाच्या निराळ्या ग्रीक शब्दापासून घेतला आहे. कानाला सारखे वाटले म्हणून नाते जोडायचे नाही. नाते वर्णांच्या नियमाने सिद्ध व्हावे लागते. म्हणूनच ‘यव’ म्हणजे जव, ‘यौवन’ किंवा ‘योनि’ यांच्याशीही यवनाचा काही संबंध नाही.

या सगळ्याचे तात्पर्य काय? शब्दाला जन्मतारीख असते आणि प्रत्येक उपयोगालाही तारीख असते. सतराव्या शतकातला अर्थ दुसऱ्या शतकातल्या दगडावर लादला, तर सातवाहनांच्या लढाया आपण भलत्याच लोकांशी लावून देऊ, आणि ज्यांनी आपल्या डोंगरांत खांब, टाक्या व मंडप दिले त्या माणसांना ओळखायलाही मुकू. उलट, ‘हा मूळचा ग्रीक शब्द’ एवढे कळले म्हणून बखरीतल्या प्रत्येक यवनाला ग्रीक मानणेही तितकेच चुकीचे. मूळ अर्थ हा खरा अर्थ, असे नसते. त्या त्या काळी बोलणाऱ्याच्या मनात जो होता तो खरा. व्युत्पत्ती आपल्याला शब्द कोठून निघाला ते सांगते. तो कोठे पोचला होता हे कळायला समोरचा लेख, त्याचा काळ आणि त्याची विभक्ती वाचावी लागते. आपल्यापैकी जे कोणी पुढे कार्ल्याला जातील, त्यांनी उजेडाच्या वेळी खांबांजवळ थांबून ती चार ब्राह्मी अक्षरे शोधून पाहावीत : य, व, न, स. त्यांतले दुसरे अक्षर ग्रीकांनी त्याआधी कित्येक शतकांपूर्वी आपल्या नावातून गमावले होते, आणि चौथे आजही आपल्या सामान्यरूपात नांदते आहे.